एकट्याने तह करायचा नाही

पहिले महायुद्ध का झाले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुतेकांनी शाळेतच पाठ केलेले असते. साम्राज्यवाद, उग्र राष्ट्रवाद, शस्त्रास्त्रस्पर्धा, गुप्त तह आणि परस्परविरोधी गट ही मूळ कारणे. सारायेव्होतील खून हे तात्कालिक कारण. या उत्तरात चुकीचे असे काही नाही. अडचण आहे ती क्रमाची. त्यात गट येतात ते युद्धाच्या आधीच्या भागात. ते युरोपच्या दोन छावण्या करतात, ठिणगी पडली की सगळ्यांना आगीत ओढतात आणि तिथून पुढे विषयातून जवळजवळ नाहीसे होतात. मग उरतात त्या लढाया, खंदक, विषारी वायू आणि शेवटी व्हर्सायचा तह. हा क्रम उलटा करून पाहायला हवा, असे माझे म्हणणे आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटवण्यात तहांच्या कलमांचा वाटा आपण मानतो त्याहून पुष्कळ कमी होता. पेटलेले युद्ध सव्वाचार वर्षे विझू न देण्यात मात्र गटांचा वाटा आपण मानतो त्याहून फार मोठा होता. या युद्धात नव्वद लाख ते एक कोटी सैनिक मेले. त्यांतील बहुसंख्यांचा मृत्यू १९१४ साल सरल्यानंतरचा आहे, म्हणजे झटपट विजयाचे सगळे हिशेब फसल्याचे दोन्ही बाजूंच्या सेनापतींना कळून चुकल्यानंतरचा. युद्ध सुरू कसे झाले याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते थांबले का नाही हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

आधी तहांचे कागद पाहू. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा १८७९ चा करार बचावाचा होता. रशियाने हल्ला केला तर एकमेकांच्या मदतीला धावायचे, एवढेच बंधन त्यात होते. ऑस्ट्रियाने स्वतः होऊन सर्बियावर चाल केली तर जर्मनीने पाठीशी उभे राहावे, असे त्यात कुठेही नव्हते. १८८२ मध्ये इटली या दोघांना येऊन मिळाली आणि १८८३ मध्ये रुमानियानेही गुप्तपणे हात मिळवला. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा या दोन्ही देशांनी तटस्थता जाहीर केली, आणि पुढे दोघेही आपल्याच जुन्या मित्रांविरुद्ध लढले. दुसऱ्या बाजूला रशियाचा सर्बियाशी लष्करी मदतीचा तह नव्हता. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जे समझोते केले ते इजिप्त, मोरोक्को, इराण, अफगाणिस्तान, तिबेट अशा मुलखांतील भांडणे मिटवण्यासाठी होते. युद्धात उतरण्याचे वचन त्यांत नव्हते. ज्या तहाचे नाव घेऊन ब्रिटन युद्धात उतरले तो तर १८३९ चा, बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा, आणि त्यावर प्रशियाचीही सही होती. खऱ्या अर्थाने बांधील असलेली एकच जोडी म्हणजे फ्रान्स आणि रशिया, १८९४ च्या लष्करी करारामुळे. तीही जोडी कसोटीला लागण्याआधीच जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ज्याच्या भांडणासाठी हे सगळे चालले होते त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केले ते ६ ऑगस्टला, जर्मनीनंतर पाच दिवसांनी. साखळीची एक कडी ओढली की पुढची आपोआप ओढली जाते, हे चित्र या तारखांशी जुळत नाही.

युद्धाआधीच्या त्या पाच आठवड्यांत प्रत्येक वळणावर माणसे निर्णय घेत होती, आणि ते निर्णय फिरवताही येत होते. २८ जूनला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा खून झाला. ५ आणि ६ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला हवे ते करण्याची मोकळीक दिली. तहाने सक्ती केली नसताना दिली. २३ जुलैला सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत देणारा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियाने दिलेले उत्तर कैसर विल्हेल्मने २८ जुलैच्या सकाळी वाचले आणि त्यावरच शेरा लिहिला की आता युद्धाचे कारण उरलेले नाही. ऑस्ट्रियाने बेलग्रेडपाशी थांबावे, असेही त्याने सुचवले. चॅन्सेलर बेथमान-होलवेगने ती सूचना व्हिएन्नाला पाठवली, पण उशिरा आणि तिची धार बोथट करून. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तार करून सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले होते. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्सबर्गमध्ये झार निकोलसने सर्वंकष सैन्यजमावाच्या हुकमावर सही केली, रात्री विल्हेल्मची तार येताच तो हुकूम मागे घेतला, आणि ३० जुलैच्या दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोवच्या आग्रहाला मान तुकवून पुन्हा दिला. झारने दुसऱ्यांदा मन बदलू नये म्हणून आपण टेलिफोन फोडून टाकू, असे त्याच्या सेनाप्रमुखाने साझोनोवला सांगितले होते. १ ऑगस्टच्या संध्याकाळी बर्लिनमध्येही जवळजवळ हेच घडले. ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवू शकेल अशी आशा लंडनहून आलेल्या तारेने निर्माण होताच कैसरने सेनापती मोल्टकेला सगळे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले. लाखोंच्या फौजेच्या गाड्यांचे वेळापत्रक ऐनवेळी बदलता येत नाही, असे म्हणून मोल्टकेने नकार दिला. युद्धानंतर जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागाचे प्रमुख फॉन श्टाब्स यांनी एक पुस्तक लिहून ते शक्य होते असे प्रतिपादन केले. खरे-खोटे काहीही असो, त्या रात्री कैसरला अडवले ते रेल्वेच्या वेळापत्रकाने आणि एका सेनापतीच्या हट्टाने. त्यात तहाच्या कलमाचा संबंध नव्हता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. तहांची अक्षरे बाजूला ठेवली तरी गटांनी माणसांची मने घडवली होती, हे नाकारता येईल का? फ्रान्सने रशियन रेल्वेला कर्जे दिली ती रशियन सैन्य जर्मन सीमेवर लवकर पोहोचावे म्हणूनच. १९१२ च्या समझोत्यानंतर फ्रान्सने आपले मुख्य आरमार भूमध्य समुद्रात नेले आणि उत्तरेचा किनारा ब्रिटिश नौदलाच्या भरवशावर सोडला. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांना ३ ऑगस्टला पार्लमेंटपुढे या नैतिक बंधनाची आठवण करून द्यावीच लागली. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. गटांनी भीती वाढवली आणि मित्र दुरावला तर आपण एकटे पडू, ही धास्ती प्रत्येक राजधानीत रुजवली. पण धास्ती म्हणजे सक्ती नव्हे. बाल्कनमध्ये १९१२-१३ मध्ये दोन युद्धे झाली तेव्हाही हेच गट होते आणि हीच धास्ती होती. तरी लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरली आणि मोठ्या सत्तांनी आपल्या मित्रांना लगाम घातला. १९१४ मध्ये तो लगाम घातला गेला नाही, आणि त्याची जबाबदारी नावानिशी काही माणसांकडे जाते. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये ती प्रामुख्याने बर्लिनवर टाकली. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये ती पाच-सहा राजधान्यांत वाटली. मला फिशरचे पारडे जड वाटते, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियाला थांबवण्याची ताकद एकट्या बर्लिनकडे होती. परंतु दोघांपैकी कोणालाही मानले तरी दोष निर्णयांकडे जातो, कलमांकडे जात नाही.

आता ५ सप्टेंबर १९१४ या तारखेकडे वळू. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती सहसा सापडत नाही. जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी आल्या होत्या आणि मार्नची लढाई सुरू होत होती. त्या दिवशी लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी काही ओळींचे एक जाहीरनामावजा पत्रक काढले. चालू युद्धात तिघांपैकी कोणीही स्वतंत्रपणे तह करणार नाही, आणि तहाची बोलणी सुरू होतील तेव्हा इतरांच्या पूर्वसंमतीशिवाय कोणीही अटी मांडणार नाही, असे त्यात होते. पुढच्या वर्षी जपान आणि इटलीनेही त्यावर सही केली. युद्धापूर्वीच्या सगळ्या तहांना मिळून जे जमले नव्हते ते या पत्रकाने केले: वेगवेगळ्या कारणांनी युद्धात उतरलेल्या देशांना एकाच युद्धात अडकवले. फ्रान्सला आल्सेस-लोरेन हवे होते, रशियाला बॉस्फरसची सामुद्रधुनी, ब्रिटनला बेल्जियमची मुक्तता आणि जर्मन आरमाराचा शेवट. या मागण्यांपैकी एखादी तडजोडीने पुरी झाली असती तरी आता तिघांच्याही पुऱ्या झाल्याशिवाय कोणाचीच सुटका नव्हती. एकमेकांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसांचे होते तसे झाले; स्वतःचे देणे फेडले तरी घरावरची जप्ती टळेना.

त्यातच नवे मित्र मिळवायचे होते, आणि मित्राला किंमत द्यावी लागे. ती किंमत रोख नसे. शत्रूच्या अजून जिंकायच्या असलेल्या जमिनीत दिली जाई. १९१५ च्या वसंतात ब्रिटन आणि फ्रान्सने रशियाला कॉन्स्टँटिनोपल देण्याचे कबूल केले. ज्या शहरापासून रशियाला दूर ठेवण्यासाठी याच दोन देशांनी १८५४ मध्ये क्रिमियात सैन्य उतरवले होते, ते शहर. २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त तहाने इटलीला ट्रेंटिनो, दक्षिण टायरॉल, त्रिएस्ते, इस्त्रिया आणि डाल्मेशियाचा मोठा भाग देऊ केला. महिन्याभरात इटली युद्धात उतरली. मध्यवर्ती सत्तांनी, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटाने, बल्गेरियाला सर्बियाचा मॅसेडोनिया दाखवला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१५ मध्ये सर्बियाचा पाडाव झाला. ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानियाला ट्रान्सिल्व्हेनियाचे आश्वासन मिळाले; चारच महिन्यांत तिची राजधानी बुखारेस्ट शत्रूच्या हाती गेली. जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन याने मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देण्याची तार केली, आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी ती फोडल्याने अमेरिकेला युद्धात उतरण्याचे आणखी एक कारण मिळाले. त्याच सुमारास ब्रिटनने चीनच्या शांटुंग प्रांतावरील जपानच्या हक्काला पाठिंबा दिला, तोही चीन दोस्त राष्ट्रांकडे झुकत असताना. ही आश्वासने एकेकटी पाहिली तर लोभ वाटतात. एकत्र पाहिली तर त्यांतून एक गणित निघते: ऑस्ट्रिया-हंगेरी आणि तुर्की साम्राज्य मोडल्याशिवाय ती पुरी होणे शक्य नव्हते. युद्ध सुरू करताना लंडन किंवा पॅरिसमध्ये कोणीही हॅब्सबर्ग साम्राज्य मोडण्याचे ठरवले नव्हते. मित्रांच्या किमती चुकवता चुकवता ते उद्दिष्ट ठरत गेले.

रणांगणावरही गटांचीच छाया आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये रशियाने पुरती जमवाजमव होण्याआधीच पूर्व प्रशियात धाव घेतली ती फ्रान्सवरचा दाब कमी व्हावा म्हणून. त्याची किंमत टॅननबर्गच्या पराभवात मोजली. पण त्या धावेमुळे जर्मनीने पश्चिमेकडून दोन कोअर काढून घेतले, आणि मार्नवर त्यांची उणीव भासली. जानेवारी १९१५ मध्ये कॉकेशसमध्ये अडचणीत आलेल्या रशियाने तुर्कांविरुद्ध काहीतरी हालचाल करावी अशी ब्रिटनला विनंती केली. त्यातून गॅलिपोलीची मोहीम निघाली आणि वर्षभराने हात हलवत परतली. डिसेंबर १९१५ मध्ये शांतिई येथे दोस्तांच्या सेनापतींनी पुढच्या वर्षी सर्व आघाड्यांवर एकाच वेळी हल्ले करायचे ठरवले. फेब्रुवारीत जर्मनांनी व्हर्दूनवर हल्ला चढवला आणि सोम नदीकाठच्या हल्ल्याची आखणी बदलली. जो हल्ला प्रामुख्याने फ्रेंचांचा व्हायचा होता तो ब्रिटिशांच्या गळ्यात आला, आणि व्हर्दूनवरचा ताण हलका करणे हा त्याचा तातडीचा हेतू ठरला. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. जखमी आणि बेपत्ता धरून हानी ५७,४७० ची. ब्रिटिश सेनापती हेग याच्यावर या दिवसाचे खापर फोडले जाते, आणि त्याच्या डावपेचांत दोष होतेच. तरी हल्ला कुठे आणि केव्हा करायचा हे ठरवण्यात मित्राची निकड निर्णायक होती, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. आणि इतके परस्परावलंबन असूनही पश्चिम आघाडीवर सर्वांच्या हालचालींची सूत्रे एका हाती, म्हणजे फ्रेंच सेनापती फॉशकडे, आली ती मार्च १९१८ च्या शेवटी, जर्मनांच्या वसंतातील हल्ल्याने पॅरिस पुन्हा धोक्यात आल्यावर.

मराठी वाचकाला या युद्धाचा एक भाग जवळून पाहता येतो. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. सर्वांत मोठा हिस्सा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला, आणि तिथली पहिली फौज होती सहावी पूना डिव्हिजन. इराणातील तेलाच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये तिने बसरा घेतले. एवढ्यावर थांबता आले असते. पण गॅलिपोलीत अपयश येत होते, पूर्वेकडच्या मुलखांत ब्रिटिशांची पत सावरायची होती, म्हणून तिला बगदादकडे पिटाळण्यात आले. टेसिफोनला ती अडली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूट-अल-अमारा या टायग्रिसच्या वळणावरच्या गावात कोंडली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तशी घोडी आणि खेचरे मारली जाऊ लागली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती बिनतारी यंत्राने मागवावी लागली, आणि तरीही पुष्कळ जण एप्रिलपर्यंत निव्वळ पिठाच्या तुटपुंज्या शिध्यावर राहिले. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. तो पुरला नाही. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास हानी सोसूनही २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली, आणि त्यांतील कित्येक जण कैदेतच दगावले. सतरा दिवसांनी, १६ मे रोजी, लंडनमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको करारावर शिक्कामोर्तब करून बगदाद आणि बसरा ब्रिटनच्या वाट्याला लिहून टाकले. ज्या मुलखात पूना डिव्हिजन उपाशी शरण गेली होती तो मुलूख कागदावर असा वाटला गेला.

इटलीला डाल्मेशिया कबूल झाला, रशियाला कॉन्स्टँटिनोपल. हिंदुस्थानला मात्र कोणी विचारलेही नव्हते. ब्रिटनने ४ ऑगस्टला युद्ध पुकारले आणि हिंदुस्थान त्यात आपसूक सामील झाला. मित्राला किंमत असते, प्रजेला नसते, हा फरक लोकमान्य टिळकांना नेमका कळला होता. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता. भरती हवी तर हिंदी माणसाला अधिकारपद आणि देशाला स्वराज्य हवे, अशी त्यांची मागणी होती. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यूने जबाबदार राज्यपद्धतीच्या क्रमाक्रमाने येणाऱ्या हप्त्यांची घोषणा केली, तीही युद्धाचे पारडे अनिश्चित असताना. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले, आणि ते सभागृहातून बाहेर पडले. त्याच महिन्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला. युद्धात मेलेल्या सगळ्या देशांच्या सैनिकांहून अधिक माणसे त्या साथीने एकट्या हिंदुस्थानात नेली.

दुसरा आक्षेप लष्करी इतिहास वाचणारे घेतील. युद्ध लांबले ते मशीनगन, काटेरी तारा आणि तोफखाना यांमुळे. हल्ल्यापेक्षा बचाव बलवान झाला होता, मग गटांना कशाला दोष द्यायचा? कोंडी का झाली, याचे हे उत्तर अचूक आहे. कोंडी झाल्यावर दोघांनी हात का आखडते घेतले नाहीत, याचे उत्तर त्यात नाही. तुलनेला १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध आहे. तिथेही खंदक होते, काटेरी तारा होत्या, मशीनगन होत्या; मुकदेनला दोन्ही बाजू मिळून सहा लाखांच्या आसपास माणसे आठवडेच्या आठवडे झुंजली. जपानची तिजोरी रिकामी झाली आणि रशियात क्रांती उसळली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मध्यस्थीने पोर्ट्स्मथला तह झाला, ५ सप्टेंबर १९०५ रोजी. तेव्हाही जपानचा ब्रिटनशी आणि रशियाचा फ्रान्सशी तह होता. पण ब्रिटन-जपान करार असा होता की रशियाच्या बाजूने दुसरी सत्ता उतरली तरच ब्रिटन उतरेल. त्यामुळे फ्रान्स बाहेरच राहिला, आणि लढणाऱ्या दोघांना आपापले नफा-नुकसान पाहून थांबता आले. यंत्रे तीच होती. थांबण्याचा निर्णय कोणाच्या हाती होता, हा फरक होता.

१९१६ च्या शेवटापासून १९१७ अखेरपर्यंतचा काळ या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सामान्य वाचक नेमका तोच भाग भराभर उलटतो. डिसेंबर १९१६ मध्ये जर्मनीने मोघम शब्दांत बोलणी सुचवली. लगेच अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी दोन्ही बाजूंना आपापली उद्दिष्टे सांगायला सांगितले. जुलै १९१७ मध्ये जर्मन राइशस्टागने मुलूख न बळकावता शांततेचा ठराव केला. ऑगस्टमध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी आवाहन केले. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी वाटाघाटींसाठी जाहीर पत्र लिहिले. यांतील सर्वांत बोलका प्रयत्न ऑस्ट्रियाचा नवा सम्राट कार्ल याचा होता. त्याचा मेहुणा प्रिन्स सिक्स्टस बेल्जियमच्या सैन्यात, म्हणजे शत्रूच्या सैन्यात अधिकारी होता. त्याच्या हाती कार्लने मार्च १९१७ मध्ये फ्रान्सला पत्र पाठवले आणि आल्सेस-लोरेनवरचा फ्रान्सचा हक्क न्याय्य असल्याचे मान्य केले. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना त्यात रस वाटला. पण पत्रात इटलीला काहीच नव्हते, आणि इटलीला १९१५ मध्ये लेखी वचन दिलेले होते. एप्रिलमध्ये झालेल्या बैठकीत इटलीचे परराष्ट्रमंत्री सोनीनो एक पाऊलही मागे हटले नाहीत, आणि प्रयत्न तिथेच बुडाला. वर्षभराने फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी कार्लचे पत्र छापले, तेव्हा लाजेने कार्लला जर्मनीच्या आणखी मिठीत जावे लागले. युद्धातून सर्वांत आधी बाहेर पडू इच्छिणाऱ्या माणसाला दोन्ही गटांनी मिळून आत ढकलले.

रशियाचे उदाहरण तर याहून विदारक आहे. मार्च १९१७ मध्ये झार गेला. लोकांना शांतता आणि जमीन हवी होती. हंगामी सरकारचे परराष्ट्रमंत्री मिल्युकोव यांनी मात्र मित्रांना कळवले की रशिया आपली सगळी बंधने पाळील. त्यावर पेट्रोग्राडचे रस्ते निदर्शकांनी भरले आणि मिल्युकोवना पायउतार व्हावे लागले. तरी युद्धमंत्री केरेन्स्कीने जुलैत पुन्हा हल्ला चढवला, आणि सैन्य विस्कटले. नोव्हेंबरात लेनिनचा पक्ष सत्तेवर आला तो तात्काळ शांततेच्या वचनावर, आणि महिना उलटायच्या आत त्याने झारचे गुप्त तह वर्तमानपत्रांत छापून टाकले. बोल्शेविक क्रांतीची कारणे अनेक आहेत. पण पाश्चात्त्य लोकशाही देशांना दिलेला शब्द पाळण्याच्या नादात रशियातील एकमेव लोकशाहीवादी सरकार आठ महिन्यांत कोसळले, ही गोष्ट गटांच्या हिशेबात मांडलीच पाहिजे.

शेवटचा आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप असा, की तडजोडीला जर्मनी तयार होती तरी कुठे? सप्टेंबर १९१४ मध्येच बेथमानच्या कचेरीत बेल्जियमला मांडलिक करण्याची आणि फ्रान्सला कायमचे पंगू करण्याची टिपणे तयार होत होती. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्क येथे रशियाकडून पोलंड, बाल्टिक प्रांत आणि युक्रेन काढून घेऊन जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने आपली शांतता कशी असते ते दाखवूनही दिले. अशा शत्रूशी अर्धवट तह म्हणजे पुढच्या युद्धाला निमंत्रण, असे क्लेमांसोला वाटले असेल तर त्यात चूक काय? हा युक्तिवाद मी झटकून टाकणार नाही. १९१६ किंवा १९१७ मध्ये शांतता नक्की झाली असती, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे जर्मनीच्या गटातही हेच ओझे होते. ब्रेस्ट-लिटोव्स्कमध्ये कार्स, अर्दाहान आणि बाटुम रशियाकडून मागितले गेले ते तुर्कस्तानची किंमत म्हणून. दुसरी अशी, की जर्मनीत शांतता मागणारे आणि मुलूख मागणारे असे दोन पक्ष होते, आणि दोस्तांची उद्दिष्टे जितकी फुगत गेली तितका दुसरा पक्ष पहिल्याला सहज गप्प करू शकला. शत्रूला आपले साम्राज्यच मोडायचे आहे, हे दाखवायला लुडेनडॉर्फला खोटे बोलावे लागले नाही.

युद्ध संपले तेही गट तुटल्याने, आणि तुटायला कडेपासून सुरुवात झाली. पश्चिम आघाडीवर जर्मन सैन्य ऑगस्ट १९१८ पासून मागे हटत होतेच. पण लुडेनडॉर्फचा धीर सुटला तो सप्टेंबरच्या शेवटी, बल्गेरियाची फळी फुटल्यावर. २९ सप्टेंबरला बल्गेरियाने शस्त्रसंधी केली. त्याच दिवशी लुडेनडॉर्फने आपल्या सरकारपुढे ताबडतोब युद्धतहकुबीची मागणी ठेवली. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तान, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया-हंगेरी आणि ११ नोव्हेंबरला जर्मनी अशी रांग लागली. पॅरिसच्या परिषदेत मग जुन्या वचनपत्रांची वसुली सुरू झाली. इटलीचे पंतप्रधान ओर्लांडो एप्रिल १९१९ मध्ये परिषद सोडून गेले. शांटुंग जपानला मिळाल्याचे कळताच ४ मे रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. हिंदुस्थानने व्हर्सायच्या तहावर स्वतंत्र सही केली, पण तोपर्यंत रौलट कायदा आणि जालियनवाला बाग घडून गेली होती.

पुढील प्रकरणे वाचणाऱ्याला एक विनंती आहे. सारायेव्हो आणि मार्न यांना जितका वेळ द्याल तितकाच लंडनचे पत्रक, १९१५ चे गुप्त तह आणि सिक्स्टसचे पत्र यांना द्या. प्रत्येक मोठ्या लढाईपाशी थांबून विचारा, की ही कोणत्या मित्रासाठी लढली गेली आणि त्या मित्राला काय कबूल केलेले होते. भिंतीवर १९१४ चा आणि १९१९ चा असे दोन नकाशे शेजारी लावून बसलात तर उत्तम. या युद्धाचे बरेचसे उत्तर त्यांच्यातील फरकात आहे.